गोजराबाईच्या हळदीतली गोमाशी

मी एक जुनी गोमाशी आहे. मित्रांनो, नाव ऐकताच तोंडं वाकडी करू नका. तुमच्या बैलाला चावली ती दुसरी. तिच्या वाट्याच्या शिव्या मी का खाव्यात? मी निराळी. खरं म्हणजे मी निराळी आहे की नाही, याच गोष्टीवर शिकलेल्या माणसांनी वीस वर्षं डोकी खाजवली. अजूनही माझ्या खाली जी चिठ्ठी आहे, तिच्यावर जातीच्या जागी एक प्रश्नचिन्ह उभं आहे. त्या प्रश्नचिन्हाची गोष्ट तुम्हांला सांगते. नीट बसा, हात कानाशी हलवू नका. आता मी उडत नाही.

शाळेत मी कधी गेले नाही. पेटीत शेजारणींच्या चिठ्ठ्या बघून बघून चार अक्षरं ओळखायला लागले, एवढंच माझं शिक्षण. तरी सांगण्यासारखं बरंच आहे, आणि आभार मानण्यासारखं त्याहून जास्त.

माझा जन्म रिसोडच्या शिवाराबाहेर, गोजराबाईच्या मळ्यात झाला. मळ्यात मोटेची विहीर होती. मोटेचं पाणी पाटात पडे आणि पाटाच्या कडेला जे सांडे, त्यावर लव्हाळं माजलं होतं. त्या लव्हाळ्याच्या पात्यावर माझ्या आईने अंडी घातली. अंड्यातून निघाले तशी मी खाली चिखलात पडले आणि वर्षभर चिखलातच वाढले. चिखलात मी काय खाल्लं ते विचारू नका. किडे खाल्ले, गांडुळं खाल्ली, आणि एकदोन भावंडंही खाल्ली. लपवायचं कशाला? उपाशी राहून मोठी झाले असं सांगायची मला सवय नाही.

पुढच्या भादव्यात मला पंख फुटले. पाटाच्या पाण्यात मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं आणि पाहतच राहिले. अंग करडं, धूळ बसल्यासारखं. पण डोळे! अख्खं डोकं म्हणजे दोन डोळेच. ओल्या शेवाळासारखे हिरवे, आणि मधून एकच आडवा पट्टा, तांब्याच्या घंगाळाला उन्हात येते तशी झाक असलेला. आमच्या भागातल्या नेहमीच्या गोमाशीच्या डोळ्यात तीन पट्टे असतात. मला एकच. एकच, पण मी तो मिरवला.

आता चावण्याचं. आमच्यात पुरुष चावत नाहीत. ते फुलांवर बसतात, रस पितात आणि उन्हात मिरवतात. अंडी बाईच्या पोटात, म्हणून रक्त शोधायचं बाईनेच, शेपटीचे फटकारे खायचे बाईनेच, आणि बदनामी मात्र सगळ्या कुळाची. असो. माझ्या पोटात पाचशे लेकरं होती. गोजराबाईच्या तट्टाचं नाव पाखऱ्या. गोरापान, मऊ पोटाचा. मी त्याच्या पुढच्या पायाच्या आत, जिथे शेपटी पोचत नाही तिथे बसले आणि माझ्या तोंडातल्या कात्रीने त्याची चामडी कापली. पाखऱ्या, बाबा, तुला दुखलं असेल. तुझ्या रक्तावर माझा वंश वाढला. तुझे उपकार मी कधी विसरले नाही.

गोजराबाई माळीण होती. वांगी, मेथी, मिरच्या काढायची, पाखऱ्यावर लादायची आणि रिसोडच्या बाजारात विकायची. तिच्यासारखी नजर मी नंतर मोठमोठ्या काचा लावलेल्या साहेबांतही पाहिली नाही. वांग्याच्या वाफ्यात रोप दोन पानांचं असतानाच ती सांगे, हे काटेरी निघणार, हे बिनकाट्याचं. सांगे आणि तसंच निघे. त्याच नजरेने तिने मला पाहिलं. मोटेच्या बैलांवर बसतात त्या माश्या वशिंडावर बसतात आणि दिवसभर छळतात. मी बैलांना शिवत नसे. फक्त दुपारी, पाटाच्या कडेला, आणि फक्त तट्टाला.

"हे दुसरी हाये," ती नवऱ्याला म्हणाली.

तिचा नवरा चंपत मोट हाकत होता. तो म्हणाला, "लोकाईच्या बायका जत्रेत मोर पाह्यतात. माह्यी घरी बसून माशी पाह्यते."

"मोर आपल्या तट्टाचं रक्त नाई पेत," गोजराबाई म्हणाली. "तू बैल पाह्य. बैल तुह्याकडे पाहून राह्यले."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पाखऱ्याच्या पोटाखाली बसून मीही बाजाराला गेले, कारण माझं पोट अर्धंच भरलं होतं. बाजाराच्या दिवशी बाशीमहून गुरांचा डॉक्टर येई आणि चिंचेखाली बसे. हिरालाल त्याचं नाव. लोक त्याला सलोतरी म्हणत. आज तुम्ही ज्याला वाशीम म्हणता, त्याला तेव्हा कागदोपत्री बाशीम म्हणत, आणि तो आपल्यापुरता एक जिल्हा होता. साल १९०४.

"डाक्टरसायेब, माह्या पाखऱ्याले पाहा," गोजराबाई म्हणाली.

"काय झालं त्याला?"

"झालं काई नाई. होऊ नये म्हनून आनला. पोटाखाली पाहा, कशी टोचली. हे आमची रोजची गोमाशी नाई. हे येगळी हाये."

हिरालालने वाकून न पाहताच सांगितलं, "गोमाशी ती गोमाशी, बाई. तिच्यात एक काय आणि दुसरी काय?"

गोजराबाईने टोपलीतून दोन वांगी काढून त्याच्यापुढे धरली. "हे काटेरी. हे बिनकाट्याचं. भरताले कोनतं नेता?"

"काटेरी."

"काहून? वांगं ते वांगं. मागच्या बाजारी बिनकाट्याचं दिलं त परत कायले केलं?"

भोवतालची माणसं हसली. हिरालालही हसला, पण थोडं कमी.

"त्या माशीचे डोये हिरवे हायेत," गोजराबाई सांगू लागली, "अन् मधात एकच पट्टा. रोजच्या माशीले तीन असतात."

"तू माशीचे डोळे बघतेस?"

"तुमी नाई पाह्यत? मंग सरकार तुमाले कायले पोसून राह्यलं?"

आता हसू आवरेना कोणाला. पण हिरालाल वाईट माणूस नव्हता. त्या वर्षी घोड्यांत एक ताप पसरत होता, आणि चावणाऱ्या माश्या गोळा करून पाठवा असा वरून हुकूम होता. तो म्हणाला, "बरं, आण तुझी माशी. पुढच्या बाजारी आण. पण पाय, पंख, सगळं शाबूत पाहिजे. चिरडलेली चालणार नाही."

"आनते. येगळी निघाली त कागदावर माह्यं नाव लिवसान?"

"लिहीन."

"इतक्या लोकाईपुढे म्हनता?"

"म्हणतो की."

मित्रांनो, तुम्हांला वाटेल, नावासाठी एवढं काय? गोजराबाईची चाळिशी आली होती. मळा चंपतच्या नावाचा, तट्टू चंपतच्या नावाचं, वांगी 'चंपत माळ्याची' म्हणून विकली जात. वाफ्यातलं रोप तिने ओळखावं आणि शाबासकी चंपतने घ्यावी. तिचं नाव आजवर कुठल्या कागदावर चढलं नव्हतं. तिला स्वतःला नाव वाचता येत नव्हतं, तरी ते कुठेतरी लिहिलेलं असावं, आणि तिच्या नजरेपायी लिहिलेलं असावं, अशी तिची इच्छा होती. मला ती इच्छा समजते. मीही तेव्हापासून त्याच रांगेत उभी आहे.

तीन दिवसांनी मी अंडी घालायला लव्हाळ्यावर बसले. पात्यावर डोकं खाली करून एकावर एक थर लावत होते. वर पाहते तो गोजराबाई! हातात पदर पसरलेला. मी तेव्हा उडू शकत नव्हते. अंडी घालणारी माशी हातानेही उचलता येते. तिने पदर खाली आणला आणि मध्येच थांबवला.

"लेकरं टाकून राह्यली माय," ती हळूच म्हणाली. "होऊ दे. मले घाई नाई."

पदर धरून ती तिथेच उकिडवी बसली. ऊन चढलं. चंपतने मोटेवरून दोनदा हाका मारल्या. ती हलली नाही. माझं शेवटचं अंडं पात्याला चिकटलं तेव्हाच तिने पदर टाकला. माझं आयुष्य तिने घेतलं, हे खरं. पण माझ्या पाचशे लेकरांना तिने जागा दिली. असा शिकारी कोणाला मिळतो? मी तिच्यावर कधी रागावले नाही.

आता ऐका तिची चूक. बाजाराला चार दिवस होते आणि घरात मुंग्या. मेलेली माशी मुंग्यांनी पाय धरून ओढून नेली असती. डाळीला, गुळाला मुंग्या लागू नयेत म्हणून तुमच्याकडे बायका डब्याभोवती हळद टाकतात की नाही? गोजराबाईने तेच केलं. आपला हळदीचा करंडा घेतला, मला अलगद आत ठेवलं आणि वरून आणखी चिमूटभर हळद सोडली. पाय शाबूत राहिले, पंख शाबूत राहिले. पण माझ्या अंगावरचा करडा केसन् केस हळदीने पिवळाधमक झाला. आणि दुसरी गोष्ट तिला ठाऊक असणंच शक्य नव्हतं. आम्ही मेलो की आमच्या डोळ्यांतला रंग मरतो.

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली गर्दी जमली. गोजराबाईची माशी पाहायला लोक भाजी सोडून आले होते. तिने करंडा उघडला, मला हिरालालच्या तळहातावर ठेवलं. त्याने काच लावून पाहिलं. माझे डोळे सुकून काळपट तपकिरी झाले होते, चिंचोक्यासारखे.

"कुठे आहे हिरवा रंग?" हिरालालने विचारलं. "कुठे आहे पट्टा?"

गोजराबाईने वाकून पाहिलं. तिचा चेहरा मी खालून पाहत होते. देवळातला दिवा हातातच विझावा, तसा तो झाला.

"जित्ती होती तवा होता," ती म्हणाली.

"मेल्यावर कुठे गेला मग? स्वर्गात?" कोणीतरी मागून ओरडलं आणि अख्खी चिंच हसली. त्या गर्दीत रंगाऱ्यांचा रज्जाक उभा होता, विशी-बाविशीचा, कोपरापर्यंत हात निळे. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. नाव लक्षात ठेवा.

गोजराबाईने रिकामा करंडा कमरेला खोचला. "हसा," ती म्हणाली. "दात हायेत तोवर हसून घ्या. मी पाह्यलं ते मी पाह्यलं." आणि पाखऱ्याला घेऊन ताठ मानेने निघून गेली. वांगी विकायलासुद्धा थांबली नाही.

त्या दिवसापासून रिसोडच्या बाजारात एक थट्टाच होऊन बसली. कोणी नसलेली गोष्ट दाखवायला लागला की लोक म्हणत, "हे काय, गोजराबाईची गोमाशी?"

हिरालालने मला टाचणीला टोचलं. काम सुबक केलं, त्याबद्दल त्याचे आभार. चिठ्ठीवर त्याने लिहिलं: रिसोड, जिल्हा बाशीम, तारीख, आणि गोळा करणार हिरालाल. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने आणखी एक चिटोरं घेतलं, त्यावर लिहिलं, 'एक बाई म्हणते, जिवंतपणी डोळे हिरवे, पट्टा एकच,' आणि घडी घालून माझ्याच टाचणीत खाली खोचलं. नाव लिहिलं नाही. एक बाई! जशी मी एक माशी.

पुढच्याच वर्षी बाशीम जिल्हा मोडला आणि अकोल्यात गेला. म्हणजे पाहा, माझी जात ठरायच्या आधी माझा जिल्हाच राहिला नाही.

आगगाडीने मी फार दूरच्या शहरात गेले. तिथे सरकारी दालनात माश्यांच्या पेट्यांच्या रांगाच रांगा. डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथल्या गोऱ्या साहेबाने मला काचेखाली धरलं आणि तो खुर्चीतून उठलाच. "असे पिवळे केस कुठल्याच गोमाशीला नाहीत!" त्याने इतर साहेबांना बोलावलं. माझं चित्र काढलं. माझी स्वतंत्र जात ठरवून तिला 'सोनेरी केसांची' अशा अर्थाचं एक लांबलचक नाव ठेवलं, आणि ते पुस्तकात छापलं. माझ्या टाचणीला लाल कागदाची पट्टी मिळाली. ती पट्टी त्या जातीच्या पहिल्या नमुन्याला मिळते, म्हणजे आमच्यातलं पाटीलपण म्हणा. घडीचं चिटोरं मात्र कोणी उलगडलं नाही. मराठी कोणाला येत होतं?

खोटं कशाला बोलू, मी फुगले. शेजारच्या पेटीत साध्या गोमाश्यांची लांब रांग होती, त्यांच्याकडे मी सतरा-अठरा वर्षं वरून पाहिलं. केस आपले नाहीत, गोजराबाईच्या करंड्यातले आहेत, हे मला माहीत होतं. पण कौतुक होत असताना कोण सांगतं?

मग हेमसिंग आले. ते आपल्या देशातले पहिले विद्वान, ज्यांच्याकडे आमच्या पेट्या सोपवल्या गेल्या. स्वभावाने कडक. एकाच माशीला तीन नावं दिलेली सापडली की दोन खोडून टाकत. त्यांच्या हाताखाली पेट्या पुसायला, डांबरगोळ्या बदलायला एक माणूस होता. चाळिशी ओलांडलेला, तोंडात पान, कोपरापर्यंत हात आता स्वच्छ. तो रज्जाक! गिरणीचं रंगीत कापड बाजारात आलं तसा रंगाऱ्यांचा धंदा बसला होता, आणि हिरालालच्या ओळखीने तो या शहरात चाकरीला लागला होता.

त्या दिवशी माझी पेटी उघडली. हेमसिंग म्हणाले, "हिचा नर मिळालेला नाही. दुसरी मादी मिळालेली नाही. वीस वर्षांत एकच नमुना. सगळी जात या पिवळ्या केसांवर उभी आहे."

रज्जाक वाकला. पुन्हा वाकला. मग म्हणाला, "सायेब, बुरा मत मानो. हा रंग माशीचा नाई. हा आमच्या घरचा हाये."

"म्हणजे?"

"हळद हाये, सायेब. मी रंगाऱ्याचा पोरगा. लहानपनापासून हळदीत हात बुडवलेत."

हेमसिंगांची भिवई वर गेली. रज्जाकने पेटीच्या तळाशी गळून पडलेला माझा एक केस चिमट्याने उचलला, पांढऱ्या कागदावर ठेवला. आपली पानाची डबी उघडली आणि बोटाच्या टोकाने त्या केसाला चुना लावला. पिवळा केस लालभडक झाला. तुमच्या घरी हळदीत चुना घालून कुंकू करतात, तसा.

हेमसिंगांनी तो कागद उजेडात धरून पाहिला. मग त्यांनी माझी लाल पट्टी उतरवली, पुस्तकातल्या माझ्या नावावर रेघ मारली आणि म्हणाले, "साधी गोमाशी. हळद फासलेली. आधीच जागा कमी आहे. काढून टाक."

काढून टाक. मित्रांनो, माझी ऐट त्या दोन शब्दांत उतरली. टाचणी उपटतील, मला केरात झटकतील, आणि गोजराबाईने उन्हात उकिडवं बसून जे पाहिलं ते माझ्याबरोबर केरात जाईल. बाजार हसत होता तेच खरं ठरेल. पाटीलपण गेलं त्याचं मला काही वाटलं नाही. ते हळदीचंच होतं. पण डोळ्यातला पट्टा माझा होता आणि तो कोणी पाहिलाच नव्हता. एक बाई सोडली तर.

रज्जाकने मला उचललं आणि तो थबकला. "सायेब, एक दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. हळद धुऊन पाहतो. अर्धवट रंगाचं कापड आमी फेकत नसतो. एक तर पक्कं करतो, नाही तर धुतो."

"कशाला?"

"आदत हाये, सायेब. दुसरं काही नाई."

सुकलेली माशी तशीच धुतली तर तिचे पाय गळतात. म्हणून आधी तिला मऊ करावं लागतं. रज्जाकने एका बरणीत ओली वाळू घातली, वर मला ठेवलं आणि झाकण लावलं. दोन दिवस मी त्या ओलाव्यात होते. वीस वर्षांनी अंगाला पाणी लागलं. लव्हाळ्याची आठवण झाली. तिसऱ्या सकाळी त्याने झाकण उघडलं, मला उजेडात धरलं, आणि त्याच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

"या अल्ला," तो म्हणाला. "सायेब! सायेब, धावा!"

हेमसिंग खरंच धावले. माझे डोळे हिरवे झाले होते. मधून तांबूस पट्टा. एकच.

"रंगपेटी आण! लवकर, हे टिकायचं नाही!" हेमसिंग ओरडले. अर्ध्या तासात डोळे पुन्हा सुकणार होते. त्यांनी उभ्याउभ्या चित्र रंगवलं. पट्टा विझता विझता चित्र पुरं झालं. मग त्यांना टाचणीतली ती घडी दिसली. त्यांनी ती रज्जाककडे दिली. रज्जाकला मराठी वाचता येत होतं.

"एक बाई म्हणते," रज्जाकने वाचलं, "जिवंतपणी डोळे हिरवे, पट्टा एकच."

हेमसिंगांनी ते चिटोरं परत हातात घेतलं.

"वीस वर्षं हे इथेच होतं?" हेमसिंग म्हणाले. "आणि आम्ही केस मोजत बसलो. कोण होती ही बाई?"

रज्जाक खाली पाहत होता. "नाव गोजराबाई, सायेब. रिसोडची माळीन. तिने साऱ्या बाजारापुढे सांगितलं होतं. आमी हसलो. मी सगळ्यात जास्त हसलो."

रज्जाकने माझी हळद धुऊन काढली आणि हेमसिंगांनी नवी चिठ्ठी घेतली. लगेच नवं नाव त्यांनी दिलं नाही. एकदा पोळले होते. ते म्हणाले, "बहुधा वेगळी जात. पण नर पाहिल्याशिवाय मी ठरवणार नाही." म्हणून त्यांनी जातीच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. मग रज्जाककडे पाहून विचारलं, "नाव कसं लिहायचं तिचं?" आणि त्याखाली लिहिलं: प्रथम ओळखणार, गोजराबाई, रिसोड.

त्या बकरीदला रज्जाक गावी गेला. परत आल्यावर माझ्या पेटीपुढे उभं राहून त्याने हेमसिंगांना सगळं सांगितलं, म्हणून मलाही कळलं.

पाखऱ्या कधीचा गेला होता. चंपतही गेला होता. गोजराबाई ओट्यावर बसून वांग्याचं बी पाखडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बी बोटांनीच ओळखायची.

"माय, मी रंगाऱ्याचा रज्जाक."

"वयखलं. तुह्यं हसनं कानात हाये माह्या. काय आनलं?"

"तुह्या माशीची चिठ्ठी. नक्कल करून आनली. तू म्हटलं ते खरं निघालं, माय. हिरवा डोया, एक पट्टा. मी माझ्या डोयांनी पाह्यला."

तिचं सूप थांबलं. "माह्यं नाव लिव्हलं?"

"लिव्हलं."

"वाच."

त्याने वाचलं.

"आनखी एक डाव वाच. मोठ्यानं वाच. त्या शेजारच्या पंचफुलेले आयकू जाऊ दे, तिचा सासरा बी हसला होता तवा."

त्याने मोठ्याने वाचलं. मग रज्जाकने मान खाली घालून माफी मागितली. म्हातारी म्हणाली, "हसला त काय झालं? धुतली बी तूच ना." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मंग आता कायचा सवाल लावला त्याईनं?"

"नर पायजे म्हनतात. त्याशिवाय जात पक्की होत नाई."

"येथचे मानसं बी असेच हायेत," गोजराबाई म्हणाली. "बाईचं ठरवाले गडी पायजे." आणि मग म्हणाली, "सांग त्याईले, या अन् बसा. पाटाच्या काठचं लव्हाळं मी वीस वर्सांत कोनाले कापू देल्लं नाई. तिचे लेकरं हायेत त्याच्यात."

निघताना तिने त्याला थांबवलं. "हयद सगळी धुतली का रे तिची?"

"सगळी, माय."

"अरे बाप्पा! मुंग्या लागतीन ना तिले!" ती आत गेली, चाचपडत करंडा शोधला आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद बांधून त्याच्या हातात दिली.

हेमसिंग कडक माणूस. पेटीत बाहेरची वस्तू ठेवू देत नसत. त्या दिवशी त्यांनी रज्जाककडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कोपऱ्यात ठेव. तिला लागू देऊ नकोस."

ती पुडी आजही माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे. मला टोचून आता चाळीस वर्षं होत आली. हेमसिंग गेले. रज्जाक चाकरीतून निवृत्त होऊन गावी गेला. आता लढाईच्या गडबडीत आमच्या पेट्या एका दालनातून दुसऱ्यात हलवतात, धक्के बसतात, एक पाय गळाला. नर अजून कोणी आणला नाही. प्रश्नचिन्ह तसंच आहे, आणि मला त्याचं दुःख नाही. उत्तर मिळालं की माणसं पेटी बंद करतात. प्रश्न आहे तोवर कोणीतरी पुन्हा उघडून बघतं.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं. तुमच्या गावी पाटाच्या कडेला लव्हाळं असेल तर उगाच कापू नका. माशी दिसली तर हाकला, हरकत नाही, पण हाकलायच्या आधी एकदा तिच्या डोळ्यात बघा. आणि कोणी शेंबड्या पोराने किंवा अडाणी बाईने येऊन सांगितलं, 'हे वेगळं आहे,' तर हसू नका. निदान त्याचं किंवा तिचं नाव विचारून घ्या.

माझ्या जातीला नाव नाही. पण माझ्या चिठ्ठीवर गोजराबाईचं आहे, आणि ते वाचायला मी शिकले आहे.